अर्थसंकल्पातला विजेचा आणि खनिजाचा पैसा नेमका शोधायचा कुठे?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ग्रामपंचायत सदस्य आहात. गाव विदर्भातल्या कोळसा पट्ट्यात आहे. एका अंगाला खाण, दुसऱ्या अंगाला कापूस आणि सोयाबीन. दर मार्चमध्ये विधिमंडळात ऊर्जेसाठी इतके हजार कोटी, सौर वाहिनीसाठी इतके, असे आकडे ऐकू येतात. गावात मात्र पंपाला अजून रात्रीची पाळी आहे आणि खाणीच्या रस्त्यावर धूळ आहे. तुम्ही विचारलंत की हा पैसा अर्थसंकल्पात नेमका कुठे असतो, तो मंजूर कसा होतो, विजेचे दर ठरवणारा वीज आयोग असताना सरकार वीज फुकट कशी देऊ शकतं आणि खाणीची रॉयल्टी गावाला का परत येत नाही.

मी जवळपास तीस वर्षं अर्थसंकल्पाच्या टेबलावर काढली, आधी मंत्रालयात आणि नंतर विभागीय पातळीवर. त्यातली बरीच वर्षं ऊर्जा आणि महसूल या दोन विभागांच्या मागण्या तयार करण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो, या दोन विषयांतला मोठा पैसा भाषणात सापडत नाही. काही पैसा अर्थसंकल्पाच्या पुस्तकात असतो, पण तो कुणाच्या हातात न पडता कागदावरच इकडचा तिकडे होतो. आणि काही पैसा त्या पुस्तकात येतच नाही. म्हणून कुठला पैसा कोणत्या कायद्याखाली फिरतो, हे धरूनच शोध घ्यावा लागतो.

आधी मंजुरीचं सांगतो. अर्थमंत्री विधानसभेत आणि अर्थ राज्यमंत्री विधान परिषदेत जे भाषण वाचतात, त्याला कायद्याचं बळ नसतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०२ प्रमाणे सरकार वार्षिक वित्तीय विवरणपत्र मांडतं. अनुच्छेद २०३ प्रमाणे त्यातल्या खर्चाच्या मागण्या विधानसभेपुढे मतदानाला येतात. मागणी मांडायचा अधिकार सरकारचा. सभागृह ती कमी करू शकतं, नाकारू शकतं, वाढवू मात्र शकत नाही. त्यानंतर अनुच्छेद २०४ खाली विनियोजन विधेयक मंजूर होतं आणि तेव्हाच राज्याच्या एकत्रित निधीतून, म्हणजे मुख्य तिजोरीतून, रुपया काढण्याची परवानगी मिळते. विधान परिषदेला धनविधेयक जास्तीत जास्त १४ दिवस ठेवता येतं, अडवता येत नाही. आमच्याकडे सगळ्या विभागांच्या मागण्यांवर चर्चा होण्याइतके दिवस नसतात. शेवटच्या दिवशी उरलेल्या मागण्या एकगठ्ठा मताला टाकतात. ऊर्जा विभागाची मागणी त्या गठ्ठ्यात गेली, तर त्या वर्षी विजेच्या पैशावर सभागृहात अवाक्षरही न बोलता मंजुरी झाली असं समजा.

करांचा रस्ता वेगळा आहे. वीज शुल्काचा दर बदलायचा, वीज विक्रीवरचा कर वाढवायचा, तर मूळ कायद्यात दुरुस्ती लागते किंवा त्या कायद्याने दिलेल्या अधिकारात अधिसूचना काढावी लागते. अधिवेशनात अर्थसंकल्पाच्या मागोमाग अशी दुरुस्ती विधेयकं येतात. वर्तमानपत्रात त्यांना दोन ओळी मिळतात, पण पुढची दहा वर्षं बिलात कोण किती भरणार हे तिथेच ठरतं. घटनेच्या राज्य सूचीतल्या ५३ व्या नोंदीने वीज वापरावर आणि विक्रीवर कर लावायचा अधिकार राज्याला दिलेला आहे. वीज हा विषय मात्र समवर्ती सूचीतल्या ३८ व्या नोंदीत आहे, म्हणजे तिथे केंद्राचा कायदा वरचढ. राज्य विजेवर कर लावू शकतं, पण विजेचा दर राज्य ठरवत नाही. तो आयोग ठरवतो. हा फरक एकदा डोक्यात बसला की तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात.

आता पुस्तक उघडू. ऊर्जा विभागाच्या मागणीत २८०१ हे मुख्य लेखाशीर्ष, म्हणजे जमाखर्चाच्या खात्याचा क्रमांक, शोधा. ते विजेवरच्या महसुली खर्चाचं. नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा २८१० खाली, वीज प्रकल्पांवरचा भांडवली खर्च ४८०१ खाली आणि त्यांना दिलेली कर्जं ६८०१ खाली. जमेच्या बाजूला ००४३ म्हणजे विजेवरील कर आणि शुल्क. प्रत्येक योजनेला आठ आकडी संगणक संकेतांक असतो आणि त्याचे पहिले चार आकडे मुख्य शीर्षाचे असतात. त्याखाली खर्चाचं उद्दिष्ट लिहिलेलं असतं. तिथे ‘३३ अर्थसहाय्य’ दिसलं की ती सबसिडी. रकमा रुपये हजारात छापलेल्या असतात, हे विसरू नका. पहिल्यांदा पुस्तक हातात घेणारी माणसं इथेच हजारपटीने चुकतात.

एका ओळीत चार आकडे दिसतील. दोन वर्षांपूर्वीच्या प्रत्यक्ष रकमा, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज. भाषणात फक्त चौथा आकडा वाचला जातो. तुम्ही पहिला आणि तिसरा वाचा. मूळ अंदाज मोठा आणि सुधारित अंदाज त्याच्या निम्मा असेल, तर ती योजना मध्येच कुठेतरी अडली आहे. एखाद्या योजनेपुढे नुसता १ दिसला, तर ती एक हजार रुपयांची लाक्षणिक तरतूद. लेखाशीर्ष उघडून ठेवलं आहे, पैसा पुढे पुरवणी मागणीत, म्हणजे वर्षाच्या मध्येच मागायच्या जादा रकमेत, आणू, एवढाच त्याचा अर्थ. ती जाहीर झालेली योजना आहे, पैसा मिळालेली योजना नाही.

पुरवणी मागण्या हलक्यात घेऊ नका. २०२४ सालचं उदाहरण देतो. त्या वर्षी निवडणुकीमुळे फेब्रुवारीत अंतरिम आणि २८ जूनला अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला. त्याच अधिवेशनात, दोन आठवड्यांच्या आत, ९४,८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या आल्या. अनुच्छेद २०५ त्याला परवानगी देतो, त्यामुळे बेकायदा काही नाही. पण मार्चच्या पुस्तकावरून वर्षाचं चित्र रेखाटणाऱ्याला निम्मंच चित्र दिसतं. डिसेंबरमध्ये नागपूरला अधिवेशन भरतं तेव्हा पुरवणी मागण्यांचं पुस्तक आवर्जून मागवा. तुमच्यासाठी ते मार्चच्या पुस्तकाइतकंच महत्त्वाचं आहे.

‘प्रत्यक्ष रकमा’ या शब्दांबद्दलही सांगायला हवं, कारण मी स्वतः तिथे फसलो होतो. एका वर्षी शेतीच्या आणि गावठाणाच्या वीज वाहिन्या (फीडर) वेगळ्या करण्याच्या कामाचा निधी २९ मार्चला बीम्स या सरकारच्या ऑनलाइन निधी वितरण प्रणालीवर उपलब्ध झाला. दोन दिवसांत देयकं कोषागारात लागली, रक्कम काम करणाऱ्या यंत्रणेच्या खात्यात गेली आणि आम्ही शंभर टक्के खर्च असा अहवाल पाठवला. दोन वर्षांनी त्याच तालुक्यात दौऱ्यावर गेलो, तर खांब रस्त्याकडेला आडवे पडलेले होते. गवत त्यांच्यावरून वाढलं होतं. यंत्रणेच्या खात्यात पैसा तसाच होता, त्यावर व्याज जमा होत होतं, आणि आमच्या पुस्तकात ते काम कधीच पूर्ण झालेलं होतं. तिथल्या एका शेतकऱ्याने मला विचारलं, ‘साहेब, हे उभे कधी करणार?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी कुणालाही सांगतो की कोषागारातून पैसा निघाला म्हणजे काम झालं, असं कधीही धरू नका.

आता फुकट विजेकडे येतो. तुमच्या चार प्रश्नांत सगळ्यात मोठी रक्कम इथे आहे.

मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेचा शासन निर्णय २५ जुलै २०२४ रोजी निघाला. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षं मोफत वीज. राज्यात शेतीपंपाचे सुमारे ४७ लाख ग्राहक आहेत, त्यांतले ४४ लाख या मर्यादेत बसतात. संख्येने शेतीपंपधारक एकूण वीज ग्राहकांच्या १६ टक्के, पण विजेचा वापर सुमारे ३० टक्के. योजनेचा वर्षाचा बोजा १४,७६० कोटी रुपये काढला गेला. त्यातले ६,९८५ कोटी तर आधीपासूनच दरसवलतीपोटी दिले जात होते. नवा बोजा ७,७७५ कोटींचा. ‘१४ हजार कोटींची नवी योजना’ असं जे तुमच्या कानावर आलं, त्यातला जवळपास निम्मा भाग जुनाच आहे.

आयोगाला डावलून हे कसं काय, असं तुम्ही विचारलंत. डावललेलं नाही. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ६२ प्रमाणे दर आयोगच ठरवतो. कलम ६५ सांगतं की राज्य सरकारला एखाद्या वर्गाला सवलत द्यायची असेल, तर त्याची भरपाई सरकारने वीज कंपनीला आगाऊ द्यावी. पैसा वेळेत दिला नाही, तर सवलतीचा आदेश लागू होत नाही आणि आयोगाचा मूळ दर चालू राहतो. कायदा इतका स्पष्ट आहे. २०२३ मध्ये विद्युत नियमांत दुरुस्ती होऊन आणखी एक बंधन आलं. सबसिडीची किती मागणी केली आणि किती मिळाली, याचा तिमाही अहवाल आयोगाने काढायचा. म्हणजे शेतीपंपाच्या बिलावर शून्य छापलेलं असलं, तरी त्या विजेची किंमत शून्य नसते. कंपनीच्या वहीत ती सरकारकडून येणं म्हणून लिहिलेली असते.

ही भरपाई सगळी रोखीने जात नाही. तुमच्या घरचं वीजबिल समोर घ्या. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, कधी इंधन समायोजन आकार, आणि त्याखाली ‘वीज शुल्क १६%’. वरचे आकार कंपनीचे. हे शुल्क राज्य सरकारचं, महाराष्ट्र वीज शुल्क अधिनियम २०१६ खालचं. वीज विक्री कर १९६३ च्या कायद्याखाली येतो, तो उद्योग आणि व्यापारी ग्राहकांच्या बिलात दिसतो. कंपनी हे सगळं सरकारच्या वतीने गोळा करते आणि तिने ते ००४३ खाली भरायचं असतं. त्याच वेळी सरकारने कंपनीला २८०१ खालून सबसिडी द्यायची असते. एकाच महिन्यात तुम्ही मला देणं लागता आणि मी तुम्हाला देणं लागतो, म्हणून मग दोन्ही बाजूंना नोंदी करून पुस्तकी समायोजन होतं. जमा दिसते, खर्च दिसतो, आणि बराचसा रुपया कंपनीच्या खात्यातून हललेला नसतो.

नियमात बसवून केलेलं समायोजन चुकीचं नाही. मला त्यात खटकतं ते वेगळं. तुमच्या शहरातल्या बहिणीने घरच्या बिलात भरलेलं १६ टक्के शुल्क थेट शेतीच्या सवलतीत वळतं होतं, आणि हा व्यवहार कुठल्याच चर्चेत उघडपणे येत नाही. शेतकऱ्याला आधार द्यायला हवा, या मताचा मी आहे. पण तो आधार कोणाच्या खिशातून येतो हे सभागृहाने नाव घेऊन सांगावं. आयोगाच्या दरातसुद्धा उद्योग आणि व्यापारी ग्राहक खर्चापेक्षा जास्त भरतात आणि त्यातून शेतीचा दर कमी राहतो. तिला क्रॉस सबसिडी म्हणतात. ती अर्थसंकल्पाच्या एकाही पानावर नसते. म्हणजे शेतीच्या विजेचे तीन दाते आहेत. पहिला एकत्रित निधी, दुसरे शुल्क भरणारे ग्राहक आणि तिसरे जादा दर भरणारे ग्राहक. विधानसभा मत देते ते पहिल्या दात्याच्या रकमेवर.

आणि सगळ्यात कच्चा दुवा तर मोजणीचा आहे. राज्यातल्या लाखो पंपांना मीटर नाही. त्यांची आकारणी अश्वशक्तीवर होते. मीटर असलेल्यांचंही वाचन नियमित होतंच असं नाही. मग शेतीने किती युनिट वापरली हे वाहिनीवरच्या नोंदी आणि नमुन्यांवरून अंदाजाने काढतात. अंदाज जास्त धरला, तर चोरी आणि गळती शेतीच्या खात्यात झाकली जाते आणि सबसिडीची मागणी फुगते. आयोगापुढच्या सुनावण्यांमध्ये या आकड्यावर वर्षानुवर्षं वाद झाले आहेत. सबसिडीवर बोलायचं असेल तर मोफत वीज द्यावी की नाही यावर घसा कोरडा करू नका, ताई. आमच्या वाहिनीवर किती युनिट मोजली गेली आणि किती शेतीच्या नावावर लिहिली गेली, एवढंच विचारा. उपविभागीय कार्यालयाला ही माहिती द्यावी लागते.

सौर वाहिनीबद्दल तुम्ही लिहिलंत की आमच्या गावाच्या नावाने तरतूद सापडली नाही. सापडणारही नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना १४ जून २०१७ ला सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचं दुसरं पर्व आलं. उपकेंद्राजवळ काही मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीची वाहिनी दिवसा त्यावर चालवायची, अशी ती योजना. मार्च २०२४ मध्ये ९,२०० मेगावॉटची देकारपत्रं, म्हणजे विकासकांना काम दिल्याची पत्रं, दिली गेली आणि दर सर्वसाधारणपणे तीन रुपये युनिटच्या आसपास आले. प्रकल्पाचा खर्च खासगी विकासक करतो, वीज कंपनी दीर्घ मुदतीच्या करारावर वीज घेते आणि तो दर आयोग मान्य करतो. त्यामुळे प्रकल्पाची किंमत अर्थसंकल्पात नसते. तिथे असतं ते प्रोत्साहन. त्यातला तुमच्या कामाचा भाग असा की ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होतो, तिला वर्षाला ५ लाख रुपये, तीन वर्षं. खासगी जमीन भाडेपट्ट्याने घेतली तर हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये आणि दरवर्षी त्यात ३ टक्के वाढ. हद्दीत प्रकल्प असेल आणि पाच लाख आले नसतील, तर ग्रामपंचायतीच्या ठरावासह जिल्हाधिकारी कार्यालयात पत्र द्या. तिथे या योजनेचा आढावा होतो. माझं या योजनेबद्दलचं मत चांगलं आहे. रात्री ओल्या बांधावरून पंप चालू करायला जाणाऱ्या माणसाला साप, विंचू आणि उघड्या वायरचं भय असतं. दिवसा आठ तास वीज मिळाली, तर त्याची किंमत कुठल्याही लेखाशीर्षात मांडता येणार नाही. शिवाय तीन रुपयांची वीज आली की तिच्या मागची सबसिडीही उतरते.

आता खाण. इथे मी जरा सावकाश जाणार आहे, कारण तुमच्या गावाचा हक्काचा पैसा इथेच आहे.

कोळसा, लोहखनिज अशा प्रमुख खनिजांच्या रॉयल्टीचा दर केंद्र ठरवतं, खाणी आणि खनिजे अधिनियम १९५७ खाली. गोळा होते ती राज्याच्या तिजोरीत. वाळू, मुरूम, दगड ही गौण खनिजं. त्यांचे नियम करायचा अधिकार त्याच कायद्याच्या कलम १५ ने राज्याला दिला आहे, म्हणून वाळूचं धोरण राज्य सरकार बदलू शकतं आणि बदलत राहतं. कोळशावर आपल्याकडे रॉयल्टी किमतीच्या १४ टक्के. समजा एका टनाची किंमत २,००० रुपये धरली, तर रॉयल्टी २८० रुपये. हे २८० रुपये एकत्रित निधीत गेले की त्यांची ओळख पुसली गेली. त्यातून शाळेचा पगार होईल, पूल होईल, कर्जावरचं व्याज जाईल. प्रमुख खनिजाची रॉयल्टी त्याच गावाला परत द्यावी असं घटनेत कुठेही नाही. त्यामुळे आमची रॉयल्टी आम्हाला द्या, ही मागणी ऐकायला न्याय्य वाटली तरी तिला कायद्याचा आधार नाही. तीत शक्ती घालवू नका.

कायद्याचा आधार आहे तो दुसऱ्या पैशाला. २०१५ च्या दुरुस्तीने कलम ९ब आलं आणि प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झालं. १२ जानेवारी २०१५ पूर्वी दिलेल्या खाणपट्ट्यांनी रॉयल्टीच्या ३० टक्के आणि त्यानंतर लिलावाने दिलेल्यांनी १० टक्के रक्कम रॉयल्टीशिवाय वेगळी भरायची. वरच्याच उदाहरणात खाण जुनी असेल तर टनामागे ८४ रुपये. हा पैसा राज्याच्या एकत्रित निधीत जात नाही. तो जिल्ह्यातल्या प्रतिष्ठानच्या बँक खात्यात राहतो आणि खाणबाधित लोकांसाठीच वापरायचा असतो. खर्चाची चौकट प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेने घातली आहे. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांप्रमाणे किमान ७० टक्के रक्कम प्रत्यक्ष बाधित क्षेत्रात उच्च प्राधान्याच्या कामांवर जायला हवी. पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, प्रदूषण नियंत्रण ही त्यातली. रस्ते, सिंचन, ऊर्जा ही इतर प्राधान्याची कामं उरलेल्या हिश्श्यात. प्रत्यक्ष बाधित क्षेत्र म्हणजे खाणीपासून १५ किलोमीटरपर्यंतचं.

एकत्रित निधीत नसल्यामुळे या पैशावर विधानसभेचं मतदान होत नाही, त्याचं लेखाशीर्ष नाही, सुधारित अंदाज नाही. जिल्हा पातळीवरच्या समितीत तो ठरतो. माझ्या नोकरीत मी असे प्रस्ताव पाहिले आहेत, ज्यांत खाणीपासून कितीतरी दूरच्या मुख्यालयातला रस्ता किंवा सभागृह ‘बाधित क्षेत्राचा विकास’ म्हणून आलं होतं. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर ग्रामसभेचा ठराव जोडल्याचा उल्लेख होता. आत ठराव नव्हता, कोऱ्या कागदावर नुसता शिक्का होता. तो प्रस्ताव आम्ही परत पाठवला. परत पाठवणारा दरवेळी कुणी असतोच असं नाही. म्हणून तुमच्या ग्रामसभेत बाधित गावांची यादी आणि पाच वर्षांचा आराखडा वाचून दाखवायला सांगा. गाव यादीत नसेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते नाव घालून घ्या. नाव नसलेल्या गावाचा प्रस्ताव समितीपर्यंत पोचत नाही.

याला जोडून सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाचा उल्लेख करतो, कारण पुढच्या काही अर्थसंकल्पांवर त्याची सावली राहणार आहे. २५ जुलै २०२४ ला, योगायोगाने मोफत विजेच्या शासन निर्णयाच्याच दिवशी, नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने आठ विरुद्ध एक मताने सांगितलं की रॉयल्टी हा कर नाही आणि राज्य सूचीतल्या ५० व्या नोंदीखाली खनिज हक्कांवर कर लावायचा अधिकार राज्यांना आहे. १९८९ चा उलट निकाल रद्द ठरला. १४ ऑगस्टच्या आदेशाने १ एप्रिल २००५ पासूनच्या मागणीला मुभा मिळाली, पण वसुली १ एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांच्या हप्त्यांत. झारखंडने लगोलग खनिज असलेल्या जमिनीवर उपकर लावणारा कायदा केला. मात्र असा कर लावायचा तर विधिमंडळात विधेयक आणावं लागतं आणि संसद त्यावर मर्यादा घालू शकते. आपल्याकडे असं विधेयक कधी आलं, तर त्याच्या मसुद्यात एक गोष्ट बघा. जमा होणारा पैसा एकत्रित निधीत मिसळणार, की त्यासाठी बाधित क्षेत्राचा वेगळा निधी कायद्यातच लिहिलेला आहे? ते कलम मसुद्यात नसेल, तर विधेयक मंजूर झाल्यावर ते घालून घेणं फार अवघड जातं.

पाण्याचा विषय तुम्ही विचारला नाहीत, तरी खाण आणि औष्णिक वीज दोन्ही पाण्यावर चालतात म्हणून दोन वाक्यं. २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं, ते पाण्याचे ठोक दर ठरवतं. शेती, उद्योग आणि पिण्याचं पाणी यांत वाटप ठरवण्याचा अधिकारही आधी त्याच्याकडे होता. २०११ च्या दुरुस्तीने तो सरकारकडे गेला आणि आधीचे निर्णयही कायम केले गेले. नियामकाचे हातपाय विधिमंडळ एका दुरुस्तीने कसे आखडू शकतं, त्याचं हे आपल्या राज्यातलं उदाहरण आहे. म्हणून अधिवेशनाच्या कामकाजात ‘सुधारणा विधेयक’ असं दिसलं की त्याची उद्देश आणि कारणे यांची नोंद वाचावी. ती दोन पानांची असते आणि मराठीत असते.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. आमदारांना नुसतं निवेदन देऊन थांबू नका, त्यांना तारांकित प्रश्नाचा मसुदाच करून द्या. प्रश्नात लेखाशीर्ष, वर्ष, वाहिनीचं नाव आणि युनिटचा आकडा असला, तर मंत्र्यांना ‘माहिती घेऊन सांगतो’ म्हणून सुटता येत नाही. ऊर्जा विभागाच्या मागणीवर आमदारांना शंभर रुपयांची कपात सूचना देता येते. तिने शंभर रुपये कापले जात नाहीत, पण विषय नोंदीवर येतो. महालेखापरीक्षकांचे अहवाल विधिमंडळात मांडले जातात, त्यांत पुरवणी मागणी घेऊनही मूळ तरतूदच न वापरल्याची उदाहरणं असतात. लोकलेखा समिती त्यावर सचिवांना बोलावते. दरवाढीची याचिका आली की आयोग हरकती मागवतो. तिथे वकील लागत नाही, मराठीत लिहिलेलं पत्र चालतं. माझ्या पाहण्यात एका शेतकऱ्याने वहीच्या पानावर आपल्या पंपाचे चालू-बंद तास तारखेवार लिहून आणले होते. त्या सुनावणीत सगळ्यात जास्त प्रश्न त्या पानावर विचारले गेले.

तुम्हाला माझी विनंती आहे की या महिन्यात तीन अर्ज टाका, तिन्ही माहिती अधिकारात. पहिला वीज कंपनीच्या उपविभागाकडे, गेल्या बारा महिन्यांत तुमच्या शेती वाहिनीवर मोजलेली आणि आकारलेली युनिटं किती, यासाठी. दुसरा जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे, तुमच्या खाणीकडून तीन वर्षांत किती रक्कम आली, बाधित गावांची यादी कोणती आणि मंजूर कामं कोणती, यासाठी. तिसरा जिल्हाधिकारी कार्यालयाकडे, सौर प्रकल्प असलेल्या ग्रामपंचायतींना किती प्रोत्साहन रक्कम वितरित झाली, यासाठी. तीस दिवसांत उत्तरं येतील. आली की मला पाठवा. दुसऱ्या अर्जाच्या उत्तरातली यादी सगळ्यात आधी पाठवा, त्यावरून आपण ग्रामसभेच्या ठरावाचा मसुदा तयार करू.